नांगरणीतही आणि कापणीतही

पत्र:

प्रिय मावशी,
प्रभू येशूच्या नावाने सलाम. मी यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय ३८. घरचं चार एकर वावर आहे, कपाशी आणि तूर. मी गावची आशा सेविका आहे. बचत गटाचा हिशेब माझ्याकडे, मंडळीत संडे स्कूल मीच घेते आणि महिला सभेची सेक्रेटरीही मीच. पहाटे साडेचारला उठते, रात्री अकराला आडवी होते. दसऱ्यानंतर कापूस सुरू झाला की रविवारीसुद्धा उपासना संपली की लुगडं बदलून वावरात. दोन मिनिटं टेकले तर सासूबाई म्हणतात, "काऊन वं, बसली?" त्या नाही म्हणाल्या तरी माझ्याच मनात कोणीतरी तेच म्हणत असतं. प्रार्थनेला गुडघे टेकले की झोप लागते. पोरीवर उगाच ओरडते. परवा तर वाटलं, झोपावं आणि पुन्हा उठूच नये. पाळकसाहेब सांगतात, देवाच्या कामात आळस नको. मग मला विसावा हवासा वाटतो, हे पाप आहे का? आणि नसेल तर तो घ्यायचा कधी? कापूस काही थांबत नाही.
— तुमची एक बहीण

उत्तर:

प्रिय लेकी,

तुला सलाम. पाप नाही. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

तुझ्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. "झोपावं आणि पुन्हा उठूच नये." हे तू ओघात लिहून गेलीस आणि लगेच पाळकसाहेबांवर आलीस. मी मात्र तिथून पुढे सरकणार नाही. असंच एक वाक्य शास्त्रात आहे आणि ते एलीया संदेष्ट्याचं आहे. कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम त्याच्या हातून झालं, आणि पाठोपाठ तो रानात एकटा गेला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, परमेश्वरा, आता पुरे, माझा प्राण घे. पहिल्या राजांच्या पुस्तकाचा १९ वा अध्याय काढून वाच. देव त्याला रागावला नाही. तुझा विश्वास कमी पडला असं म्हणाला नाही. दूताने त्याला हात लावून उठवलं आणि सांगितलं, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर होती, आपल्याकडचा रोडगा डोळ्यांपुढे आण, आणि पाण्याचं भांडं. तो जेवला, पाणी प्याला आणि पुन्हा झोपला. देवाने झोपू दिलं. मग दूत दुसऱ्यांदा आला आणि म्हणाला, ऊठ, खा, वाट तुला झेपणार नाही एवढी लांब आहे. बोलणं, शिकवणं, नवीन काम सोपवणं हे सगळं त्यानंतर, होरेब डोंगरावर. आधी झोप, भाकर आणि पाणी.

म्हणून माझंही पहिलं सांगणं अंगाचंच आहे. मी पस्तीस वर्षं नर्सची नोकरी केली आहे, हे माझ्या ओळखीचं आहे. या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जाशील तेव्हा स्वतःचं रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन बघ, थायरॉइड बघ, साखर आणि बीपी बघ. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेलं की तो रक्तक्षय, हे तुला मी काय सांगावं, तू गावभर हेच सांगत फिरतेस. पण लोहाच्या गोळ्या वाटणाऱ्या किती आशाताई स्वतः ती गोळी खातात? आणि खातात त्या चहाबरोबर. गोळी आणि चहा यात दोन तासांचं तरी अंतर ठेव, वर लिंबाचं पाणी पी. बाईचं रक्त कमी असलं की तिला आपण आळशी झालो असं वाटतं. दम लागतो, चिडचिड होते, गुडघे टेकले की डोळे मिटतात. आणि ती समजते की आपली भक्ती थंड पडली.

मरणाचा तो विचार पुन्हा आला, किंवा आला आणि जाईना, तर नवऱ्याला त्याच दिवशी सांग, आणि १४४१६ या नंबरावर फोन लाव. टेलिमानसची ही सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, रात्रीही कोणीतरी बोलायला असतं, मराठीत बोलता येतं. आपल्या जिल्ह्याने या बाबतीत फार सोसलं आहे. गावात कोणाच्या घरी असं झालं की आपण म्हणतो, बोलला असता तर बरं झालं असतं. मग तू बोल. मला लिहिलंस तसंच घरातही बोल.

आता तुझ्या मनातल्या त्या आवाजाविषयी, सासूबाई गप्प असतानाही जो म्हणतो, "काऊन वं, बसली?" तो आवाज देवाचा असावा अशी तुला भीती वाटते. निर्गमाच्या पाचव्या अध्यायात तोच आवाज मला सापडला. इस्राएल लोक मिसरात विटा पाडत होते. तिथला राजा फारो याने त्यांना मिळणारा गवताचा भुसा बंद केला आणि हुकूम काढला की भुसा तुम्हीच गोळा करा, पण विटांची संख्या एकीनेही कमी होता कामा नये. लोकांचे नायक गयावया करत त्याच्याकडे गेले. तो काय म्हणाला? तुम्ही आळशी आहात, आळशी! म्हणूनच म्हणता की आम्हाला परमेश्वराला यज्ञ करायला जाऊ दे.

दिवसभर उन्हात चिखल तुडवणाऱ्या लोकांना तो आळशी म्हणतो आहे. हे शब्द फारोचे आहेत, लेकी, देवाचे नाहीत. देव त्या लोकांना बाहेर काढणारा आहे. आणि बाहेर काढल्यावर त्याने ज्या दहा आज्ञा दिल्या त्यात एक आज्ञा थांबण्याची आहे. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात तिचं कारणही दिलं आहे: तू मिसर देशात दास होतास आणि परमेश्वराने तुला तिथून बाहेर आणलं, याची आठवण ठेव. दासाला सुट्टी नसते. ज्याला सुट्टी आहे तो दास राहिलेला नाही. तू विसावा घेशील त्या दिवशी तू हेच म्हणत असशील की मी आता फारोची नाही.

पाळकसाहेबांच्या बोलण्याचा राग धरू नकोस. आळसाविरुद्ध शास्त्रात आहेच, नीतिसूत्रांत तर पुष्कळ आहे. पण इतकी वर्षं मंडळीत बसून मी एक बघितलं. आळसावरचं प्रवचन आळशाला लागत नाही. ते मागच्या सतरंजीवर बसलेल्या, पहाटे साडेचारला उठलेल्या बाईला लागतं, आणि ती घरी जाऊन आणखी एक काम अंगावर घेते. तुझ्या पाळकांना हे पत्र वाचायला दिलंस तरी मला चालेल.

कापूस थांबत नाही म्हणतेस. या प्रश्नाचं उत्तर मला शाळेत असताना मिळालं होतं. तेव्हा यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. तिथले एक विद्यार्थी सुट्टीत आमच्या गावी संदेश द्यायला आले. मंडळीत सगळे शेतकरीच, आणि दिवस वेचणीचे. माझे वडील उपासनेला आले होते ते अर्धं लक्ष वावरात ठेवून. त्या विद्यार्थ्याने निर्गम ३४ चं २१ वं वचन वाचलं. सहा दिवस काम कर, पण सातव्या दिवशी विसावा घे, नांगरणीच्या आणि कापणीच्या हंगामातही विसावा घे. वडिलांनी वचन पुन्हा वाचायला लावलं. घरी आल्यावर स्वतः शास्त्र उघडून बोट ठेवून बघितलं. "कापणीतही म्हणते बाप्पा," एवढंच बोलले.

त्या एका शब्दावर थांब. देव असं म्हणू शकला असता की हंगाम आटोपला की विसावा घे. आम्ही सगळे तेच म्हणतो. वेचणी होऊ दे, मग. तूर निघू दे, मग. पोरीचं दहावीचं वर्ष जाऊ दे, मग. पण देवाने नेमकी तीच दोन कामं नाव घेऊन सांगितली ज्यांच्यासाठी शेतकरी हक्काने म्हणेल की आज नको. त्यांच्याकडची शेतीही आपल्या कोरडवाहूसारखी आभाळाकडे बघणारी. पहिला पाऊस पडून जमीन मऊ झाल्याशिवाय नांगर चालत नसे, म्हणजे मृगात आपली होते तशीच धांदल. आणि जव, गहू पिकला की सात आठवड्यांत सगळं उरकायचं. त्यातूनही एक दिवस बाजूला काढ, असं देव म्हणतो. आणि हे म्हणाला कधी? सीनायच्या रानात, त्या लोकांकडे वीतभरही वावर नव्हतं तेव्हा. वावर मिळायच्या आधीच त्याने सांगून ठेवलं, कारण एकदा वावर हाती आलं की कान बंद होतात हे त्याला ठाऊक होतं.

म्हणून मी तुला म्हणते, विसावा ही काम संपल्यावर मिळणारी मजुरी समजू नकोस. तुझं काम संपणार नाही. चार एकराचं संपलं तर आशाचं राहील, ते संपलं तर महिला सभेचं. विसावा कामाच्या मध्येच घ्यायचा असतो, काम अर्धं टाकून. मार्कच्या चौथ्या अध्यायात येशूने एका शेतकऱ्याची गोष्ट सांगितली आहे. तो बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी रुजून वाढतं, कसं ते त्याला कळतही नाही. तुझ्या पऱ्हाटीचं बोंड तू जागी आहेस म्हणून उकलत नाही. तुझ्या झोपेतही उकलतं.

आणि कापूस वेचणारी तू काय किंवा मी काय, आपल्याला माहीत आहे की सगळं वावर एका दिवशी फुटत नाही. तीन वेचे, चार वेचे होतात. कोरड्या दिवसात रविवारचा कापूस सोमवारी वेचला तर त्याचं काही जात नाही. आभाळ भरून आलं आणि फुटलेला कापूस भिजायला लागला, तर ती गोष्ट वेगळी, तिच्याबद्दल पुढे बोलते. पण खरं सांग, गेल्या हंगामातल्या किती रविवारी आभाळ आलं होतं?

तुझ्या वावरात मजूर बाया येत असतील तर त्यांचाही विचार कर. अनुवादातल्या त्या आज्ञेत चाकर आणि चाकरीण आहेत, बैल आणि गाढव आहे, दाराशी असलेला परका आहे. तुझ्यासारखाच तुझ्या चाकराला आणि चाकरिणीला विसावा मिळावा, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. किलोवर वेचणाऱ्या बाईला सुट्टी म्हणजे बुडालेली मजुरी, हे मला माहीत आहे, तिला उपदेश करायला माझी जीभ रेटत नाही. पण तिला शनिवारीच मजुरी हातात देऊन सोमवारी बोलावणं तर तुझ्या हातात आहे.

त्याच आज्ञेतली आणखी एक गोष्ट. ती घरधन्याला सांगितली आहे. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझी दासी, कोणीही काम करू नये. म्हणजे घरातल्या बाईचा विसावा बाईने चोरून घ्यायचा नाही, तो घराने मिळून घडवायचा आहे. तुझ्या पत्रात नवऱ्याचं नाव एकदाही आलेलं नाही. तेही दमलेलेच असतील. तुरीला रोही आणि रानडुकरं लागतात, रात्री जागलीला जात असतील, ओलिताला रात्रीची लाईट असेल तर तेही जागरण. त्यांच्यासोबत बसून स्तोत्र १२७ वाच. परमेश्वर नगर राखत नाही तर पहारेकऱ्याचं जागणं व्यर्थ, आणि तो आपल्या प्रियजनांना झोप देतो. जागल सोडून द्या असं त्याचा अर्थ मी काढत नाही, डुकरं काही स्तोत्र ऐकत नाहीत. पण जागलीच्या माचाणावर बसलेल्या माणसाला एवढं कळावं की पिकाचा राखणदार तो एकटा नाही.

आता माझी एक गोष्ट. मी तेव्हा एका दवाखान्यात होते. एक सहकारी बाळंतपणाच्या रजेवर, दुसरी बदलून गेलेली, आणि मी कोणालाही नाही म्हणत नसे. दिवसपाळी करून रात्रपाळीला उभी राहायचे. लोक कौतुक करायचे आणि मला ते आवडायचं, हे कबूल करते. एका रात्री दोन शेजारच्या खाटांवर दोन बायका होत्या. मी इंजेक्शन भरून एकीकडे गेले, ते दुसरीचं होतं. बरोबर असलेल्या शिकाऊ मुलीने माझा हात धरला. "सिस्टर, हिचं नाही." एवढंच म्हणाली बिचारी, घाबरून. त्या बाईचं काही बिघडलं नाही, तिला कळलंही नाही. पण मी स्टोअररूममध्ये जाऊन रडले. मी ज्यांच्यासाठी झिजते आहे असं मला वाटत होतं, त्यांच्याच जिवाशी मी खेळत होते. तू लिहितेस, पोरीवर उगाच ओरडते. लेकी, तो चुकीच्या खाटेजवळ गेलेला हात आहे. मी हे तुला दुखवायला सांगत नाही, मी तिथे उभी होते म्हणून सांगते.

इस्राएल लोकांचा पुढारी मोशे, त्याचंही असंच चाललं होतं. निर्गम १८ मध्ये तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायाला बसायचा आणि लोक रांगेत उभे राहायचे. सासरा इथ्रो आला, एक दिवस बघितलं आणि म्हणाला, तू करतोस हे ठीक नाही, तू थकून जाशील आणि तुझ्याबरोबरचे हे लोकही. सासऱ्याने जावयाला तोंडावर असं सांगणं आपल्याकडे सोपं नाही, पण मोशेने ऐकलं आणि माणसं वाटून दिली. तुझ्या पाच जबाबदाऱ्यांपैकी आशाचं काम आणि वावर सोडता येणार नाही. पण बचत गटात बारावी झालेली एखादी सून असेल. तिला शेजारी बसवून दोन महिने हिशेब दाखव आणि वही तिच्या हातात दे. चुकेल, बेरीज जमणार नाही, तू वर्षभरापूर्वी चुकत होतीस तशीच. महिला सभेची सेक्रेटरी येत्या निवडणुकीत दुसरी होऊ दे. संडे स्कूल तुला आवडतं, असं तुझ्या लिहिण्यावरून वाटलं. ते ठेव, पण एकाआड एक रविवारी. जे काम सोडशील ते थोडं वाईट होईल. होऊ दे.

कामात गुंतलेली मार्था आणि येशूच्या पायाशी बसलेली तिची बहीण मरिया यांची गोष्ट मी मुद्दामच सांगत नाही. तुला ती प्रत्येक महिला सभेत ऐकवली गेली असेल, आणि ऐकवणाऱ्यांचा चहाही तूच केला असशील. फक्त एवढं लक्षात ठेव की योहानाच्या १२ व्या अध्यायात, त्यांचा मेलेला भाऊ लाजर जिवंत झाल्यानंतरच्या जेवणात, मार्था पुन्हा वाढतेच आहे, आणि तिथे तिला कोणी टोकत नाही.

करायचं कसं, ते सांगते. शास्त्रातला दिवस संध्याकाळी सुरू होतो. संध्याकाळ झाली आणि सकाळ झाली, पहिला दिवस, असं उत्पत्तीत आहे. म्हणजे दिवसाची सुरुवात झोपेने होते, आपण उठतो तेव्हा देवाचं काम निम्मं झालेलं असतं. तूही शनिवारी दिवेलागणीला सुरू कर आणि रविवारी दिवेलागणीला संपव. रानात मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, पडायचा तेव्हा सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला सांगितलं होतं, सातव्या दिवशी जे टोपली घेऊन गेले त्यांना काही मिळालं नाही. शनिवारी पाणी भरून ठेव, पीठ मळून नाही पण दळून ठेव, कपडे शनिवारी सकाळीच. रविवारी दुपारी खिचडी आणि ठेचा, बस. पाहुणा आला तर त्यालाही खिचडीच. शनिवारी रात्री भांडी पोरीने आणि तिच्या बापाने घासावीत. रविवारी उपासनेनंतर लुगडं बदलायचं नाही, हे तुझं स्वतःशी ठरलेलं असू दे. चांगलं लुगडं अंगावर असलं की धुऱ्यावर जायला पाय उचलत नाहीत. एकदम पूर्ण दिवस जमणार नसेल तर पहिला महिना दुपारी बारा ते पाच एवढाच धर. रविवारी खरंच अशक्य असेल तर दुसऱ्या कोणत्या दिवशी घे. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही, असं प्रभू स्वतः म्हणाला आहे, आणि आपले पाळक तर दर रविवारी कामावरच असतात, त्यांनाही आठवड्यात दुसरा दिवस लागतोच.

राहिला तुझा फोन. आशाचा फोन बंद ठेव असं मी म्हणणार नाही. लूकच्या १४ व्या अध्यायात येशू विचारतो, तुमच्यातल्या कोणाचा बैल शब्बाथाच्या दिवशी विहिरीत पडला तर तो त्याला लगेच बाहेर काढणार नाही का? आपल्या गावात हे वचन समजावून सांगावं लागत नाही, सगळा गाव दोर घेऊन धावतो. रात्री कोणाला कळा सुरू झाल्या, लेकराला झटके आले, साप चावला, तर तो विहिरीत पडलेला बैल. जा. प्रार्थना अर्धी सोडून जा. आभाळ आलं आणि कापूस भिजतो आहे, तोही विहिरीतला बैल, चार बाया घेऊन वेचून घे. पण सर्वेक्षणाची माहिती मोबाईलमध्ये भरणं, गटाच्या बैठकीचा निरोप, कोणाच्या तरी आधार कार्डाची चौकशी, हे विहिरीत पडलेले बैल नाहीत, गोठ्यात रवंथ करत बसलेले आहेत. ते सोमवारपर्यंत बसतील. रविवारी फोन पोरीकडे दे आणि तिला हा फरक शिकव. ती दहावीला आहे का ते तू लिहिलं नाहीस, पण आशाची पोर आहे, तिला कळेल.

आणि बैल काढायला गेलीस म्हणून विसावा बुडाला असं समजायचं नाही, तो पुढे ढकलायचा. मार्कच्या सहाव्या अध्यायात शिष्यांना जेवायलाही सवड मिळेना तेव्हा प्रभू म्हणाला, रानात एकांती चला आणि थोडा विसावा घ्या. नावेतून पलीकडे पोचले तर लोक पायी धावत त्यांच्या आधीच हजर. प्रभूला त्यांचा कळवळा आला, त्याने शिकवलं, पाच हजारांना जेवू घातलं. पण त्याच संध्याकाळी त्याने शिष्यांना नावेत बसवून पुढे पाठवलं, लोकांना निरोप दिला, आणि स्वतः डोंगरावर प्रार्थनेला गेला. लोकांना निरोप दिला, हे शब्द मी माझ्या शास्त्रात पेन्सिलीने अधोरेखित केले आहेत. त्या गर्दीत अजून आजारी लोक असतीलच. तरी दिला.

प्रार्थनेत झोप लागते त्याची लाज बाळगू नकोस. गुडघे टेकायचे ते पहाटे नाही जमत तर रविवारी दुपारी, झोप झाल्यावर टेक. एखाद्या दिवशी काहीच मागायचं नाही. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही" एवढं म्हणून पडून राहायचं. त्याच स्तोत्रात पुढे आहे की तो मला हिरव्यागार कुरणात बसवतो. मेंढपाळच बसवतो. बसणं त्याच्या सांगण्यावरून आहे.

मला माझ्या वडिलांचा पोळा आठवतो. आमचं ख्रिस्ती घर, आम्ही बैलाची पूजा करत नव्हतो, पण आदल्या दिवशीची खांदशेकणी वडील कधी चुकवत नसत. संध्याकाळी बैल धुऊन आणायचे, आणि जूवाने ज्या जागी वर्षभर घासलं त्या खांद्यावर लोणी आणि हळद चोळायचे. बोटांनी चाचपून कुठे गाठ आहे, कुठे कातडी सोललेली आहे ते बघायचे. शेजारी बैलाच्या कानात म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी कोणाच्याही बैलावर जू चढत नसे, डवरणी कितीही लांबलेली असो. लहानपणी मला वाटायचं, हे वर्षातून एकदाच का?

पुढे "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या, म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन" हे वचन ऐकलं की मला वडिलांची ती बोटं आठवायची. कारण लगेच पुढे प्रभू जूवाचीच गोष्ट काढतो. माझं जू आपल्यावर घ्या, म्हणतो, माझं जू सोयीचं आहे. शहरातल्या माणसाला हे कोडं पडतं, विसावा देतो म्हणाला आणि जू कसं देतो? आपल्याला पडत नाही. चांगल्या वाढईने बैलाचा खांदा बघून तासलेलं जू बैलाला जाचत नाही, आणि नवा गोऱ्हा कधी एकटा जुंपत नाहीत, जुन्या सवयीच्या बैलासोबत जुंपतात. ओढ त्याची असते, गोऱ्ह्याने नुसतं पावलाला पाऊल लावून चालायचं. तुझ्या खांद्यावर आज जी कातडी सोललेली आहे ती त्याच्या जूवाची नाही. दुसरं कोणतं तरी जू तू चढवून घेतलं आहेस, लोक काय म्हणतील याचं, मी नसले तर अडेल याचं. ते उतरवायला तोच मदत करील, पण खांदा त्याला दाखवावा लागेल.

सासूबाईंबद्दल शेवटी लिहिते, कारण त्यांच्याविषयी मला तुझ्याइतकंच वाटतं. "काऊन वं, बसली?" म्हणणाऱ्या बाईला तिच्या सासूने तेच म्हटलेलं असतं. त्या कधी बसल्या आहेत? सणालाही नसतील बसल्या. तू एकटी विसावा घेऊ लागलीस तर त्यांना ते टोचेल, आणि मला वाटतं ते साहजिक आहे. म्हणून येत्या रविवारी उपासनेहून आलीस की आधी त्यांची खाट निंबाखाली टाक. त्यांना म्हण, माय, तुमी आंगं टाका, आज मी पाय चेपून देते. पाय चेपता चेपता तूही तिथेच बस. पहिल्या रविवारी त्या तीनदा उठतील, कोंबड्या हाकायला, सरपण बघायला. उठू दे. चौथ्या रविवारपर्यंत वाट बघ.

रक्ताचा रिपोर्ट आला की मला कळव. आणि सासूबाईंना माझा सलाम सांग.

तुझी,
मावशी